जॅमरची दुसरी किल्ली

जॅमर लावायला मीच खाली वाकले. मगदूम सरांचे गुडघे धरलेले, त्यामुळे ते बाजूला उभे राहून सूचना करत होते. "जरा डावीकडं घ्या, पद्मजाताई. हां, आता ती दांडी आत." ते लोखंडी धूड टेम्पोच्या पुढच्या चाकात बसलं, मी किल्ली फिरवली, खट्ट झालं, आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. मे महिन्यातला रविवार होता. साडेसातला पाच मिनिटं कमी. वेळ मी वहीत लिहिली, कारण नोटिशीत ती घालावी लागते.

"दुसरी किल्ली तुमच्याकडेच असू द्या," सर म्हणाले. "एक माझ्याकडं आहेच."

मी ती रुमालात गुंडाळून मुठीत धरली.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. सांगली-मिरज रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची 'समता विहार' सोसायटी. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. मी सेक्रेटरी होते आणि आदगोंडा मगदूम सर चेअरमन. सर हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर, सत्तरीचे, अंगानं काडी आणि शब्दाला पक्के. मी जिल्हा परिषदेत क्लार्क. कागद कसा लिहावा हे मला कळतं, आणि कळतं याचा मला तेव्हा भलता अभिमान होता.

टेम्पो बिरू सरगरचा. जत तालुक्यातला धनगर गडी. बापाची मेंढरं विकून त्यानं तळमजल्यावरचा दोन नंबरचा फ्लॅट घेतला, आणि कर्ज काढून टेम्पो. तो एका हॅचरीची, म्हणजे उबवणी केंद्राची, कोंबडीची पिल्लं पोल्ट्री फार्मवर पोचवायचा. रोज दुपारी रिकामा होऊन आला की टेम्पो आवारात उभा राही आणि त्याचा वास जिन्यानं वर चढत असे. आमच्याकडं बहुतेक बिऱ्हाडं जैनांची. घरात अंडं येत नाही, कांदासुद्धा चातुर्मासात नाही. सगळ्यांच्या मनात काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं, पण ते कागदावर आणणार कसं? म्हणून मी नियम केला: पिवळ्या पाटीचं, म्हणजे धंद्याचं वाहन आवारात उभं करायचं नाही. सोळा बिऱ्हाडांत पिवळी पाटी एकच होती.

फेब्रुवारीच्या वार्षिक सभेत मी तो नियम वाचून दाखवला. बिरू मागं सतरंजीच्या कडेला बसला होता. तो उठला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं मालक सिमेंटची एजन्सी चालवत्यात. त्यांची पांढऱ्या पाटीची जीप रोज पोती घालून येती. ती धंद्याची न्हाई व्हय?"

सगळी सभा हसली. सरसुद्धा हसले, मान खाली घालून. माझा नवरा जयपाल तर सगळ्यांत मोठ्यानं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं मागून कुणीतरी बोललंही. नियम मंजूर झाला, पण त्या हसण्याचा आवाज मी कितीतरी दिवस घरात भांडी घासताना ऐकत होते.

त्यानंतर बिरूला दोन नोटिसा गेल्या. त्यानं त्या घेतल्या, सह्या केल्या आणि टेम्पो लावत राहिला. "दुसरी जागा गावली की काढतो," एवढंच म्हणायचा. मग आम्ही कोल्हापुरातून जॅमर आणला.

तर त्या रविवारी साडेसातला मी हात झटकत उभी होते. कंपाउंडला लागून करंजाचं झाड आहे, त्याच्यावर चिमण्या फार. चिवचिवाट नेहमीपेक्षा जास्त वाटला, पण मी लक्ष दिलं नाही.

दोन नंबरचं दार उघडलं. बिरू घाईनं बाहेर आला. एका हातानं लायसन खिशात कोंबत, दुसऱ्या हातात अर्धी खाल्लेली भाकरी. चाकाकडं बघून तो थांबला.

"हे कुणी लावलं?"

"संस्थेनं," मी म्हटलं. "दोन नोटिसा दिल्या आहेत. आता लेखी हमी दिल्याशिवाय निघणार नाही."

"मॅडम, आज गाडी रिकामी न्हाई. भरल्याली हाय." भाकरी त्यानं बोनेटवर ठेवली. "लायसन घरी ऱ्हायलं म्हणून वळलो हुतो. धा मिंटासाठी. आत आठ हजार पिल्लं हायती."

तेव्हा मला कळलं की चिवचिवाट झाडातून येत नव्हता. मी झाडाकडं बघितलं. एकही चिमणी नव्हती.

"गाडी पळती तवर जाळीतनं वारं लागतं," बिरू भराभर बोलत होता. "उभी ऱ्हायली की भट्टी हुती वो आत. आत्ताच ऊन तापायला लागलंय. काढा लवकर."

मी रुमाल सोडला आणि किल्ली काढली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं सगळ्यांनी तेच सांगितलं, की सेक्रेटरीबाई किल्ली घेऊन पुढं झाल्या होत्या. ते खरं आहे. मी चाकापाशी वाकलेसुद्धा.

"थांबा," सर म्हणाले.

मला वाटलं, हमीपत्राची आठवण करून देतायत. पण सरांचा चेहरा निराळाच दिसत होता. ते टेम्पोच्या जाळीपाशी गेले आणि कान लावून उभे राहिले. मग विचारलं, "कुठं चालली ही?"

"आटपाडीकडं. फार्मवर."

"किती दिवसांची आहेत?"

"कालच फुटल्यात. एका दिवसाची."

"फार्मवर किती दिवस ठेवतात?"

"चाळीस. लई तर बेचाळीस."

"आणि मग?"

आणि मग काय ते तिथं असलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. एव्हाना जिन्यात आठ-दहा माणसं जमली होती.

"मग मी माझ्या हातानं कुलूप काढून आठ हजार जीव कापायला पाठवू?" सर अगदी हळू बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "माझ्यासमोर नसती तर गोष्ट वेगळी. जगात रोज जातात, मी अडवायला जात नाही. पण आता कुलूप माझं आहे, बाबा."

"सर, कुलूप न्हाई काढलं तर ती हितंच मरतील!"

"मग खाली उतरव. सावलीत ठेव. आम्ही सांभाळू."

"उतरवू कसं? मागचं दार भिंतीला टेकलंय!"

टेम्पो पुढं येऊन वाट अडवतो अशी तक्रार आली होती, म्हणून मी दुसऱ्या नोटिशीत लिहिलं होतं, 'वाहन भिंतीस पूर्ण टेकवून लावावे'. बिरूनं माझा तेवढा एक हुकूम पाळला होता. मागचं दार आणि भिंत यांच्यामध्ये हात जाईल एवढीच फट होती. टेम्पो हलल्याशिवाय आतलं एक खोकं बाहेर येणार नव्हतं.

"मग असं कर," सर म्हणाले. "कुलूप काढतो, पण तू ती हॅचरीत परत नेऊन दे. फार्मवर न्यायची नाहीत. शब्द दे मला."

बिरूनं कपाळावर हात मारला. "सर, परत न्हेल्याली पिल्लं हॅचरी ठेवत न्हाई. खड्डा काढून गाडत्यात, जित्ती. देऊ शब्द?"

सर जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. त्यांची मान हलत होती. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये हा म्हातारा ज्यानं उभ्या आयुष्यात मुंगीवर पाय दिला नव्हता. मी त्यांना ओळखत होते. ढोंग नव्हतं ते.

"माझ्याच्यानं नाही होणार," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "पद्मजाताई, तुमच्याकडं किल्ली आहे. तुम्ही काढा, मी अडवणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा." डोळे मिटून त्यांनी णमोकार मंत्र सुरू केला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सगळे म्हणजे बिरू सोडून.

बिरू सरांपुढं उकिडवा बसला आणि त्यांनाच विनवायला लागला. "सर, तुमी शिकल्यालं माणूस. सर, माझ्या पोटावर मारू नका. हॅचरीवाला उद्या गाडी बंद करंल माझी. टेम्पोचं हप्तं हायती." सरांचे ओठ हलत होते, डोळे मिटलेले. किल्ली माझ्या मुठीत, मी त्याच्यापासून चार पावलांवर उभी, आणि हा गडी डोळे मिटलेल्या माणसाला विनवतोय. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही त्यानं.

मी घड्याळ बघितलं. आठला दहा कमी.

बिरूची बायको शालन बाहेर आली. ओलं गोणपाट तिनं टपावर फेकलं, मग बादली बादली पाणी आणून ओतायला लागली. पाणी पत्र्यावरून निथळून फरशीवर येत होतं. आमच्या जिन्यातल्या दोघी-तिघी तिला बादल्या भरून द्यायला लागल्या. ती मात्र माझ्याकडं बघत होती. प्रत्येक खेपेला, बादली उचलताना आणि ठेवताना.

"ताई," ती एकदा म्हणाली, "वारं न्हाई लागलं तर मरत्यात वो."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

"मग?"

मी सरांकडं बोट दाखवलं. "त्यांना असं टाकून मी एकटी कसं ठरवू?"

तिसऱ्या मजल्यावरचे आवटी पांजरपोळाला फोन लावून बघत होते. पलीकडून कुणीतरी सांगितलं की आम्ही गाई-म्हशी घेतो, शेळ्या घेतो, कोंबडीची पिल्लं नाही. आवटींनी ते सगळ्यांना मोठ्यानं ऐकवलं. मग ते म्हणाले, "पद्मजाताई, काढा की ओ. काय व्हायचं ते पुढं होईल." दोघातिघांनी तसंच म्हटलं. मी मान हलवली आणि जागची हलले नाही.

आठ वाजले. ऊन करंजाच्या शेंड्यावरून खाली उतरून टेम्पोच्या पूर्ण कडेवर आलं होतं.

बिरू उठला. केबिनमधून टॉमी, चाक खोलायची लोखंडी दांडी, काढली आणि जॅमरवर घालायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. ठिणग्या उडाल्या, पिवळा रंग सोलला, बाकी काही नाही. आम्ही चांगला महागातला घेतला होता. पाचव्या घावाला टॉमी त्याच्या हातातून निसटली आणि फरशीवर खणखणत गेली. तो वाकून धापा टाकत उभा राहिला, आणि सगळं आवार शांत झालं.

फार शांत झालं. आतला आवाज कमी झाला होता. मघाशी नुसता कल्लोळ होता, आता कुठंतरी खालच्या थरातून बारीक चिव चिव येत होती, आणि वर काहीच नाही.

बिरूनं ते ऐकलं. तो वळला. अंगातला शर्ट भिजून पाठीला चिकटलेला, नाकाला धूळ. सरळ माझ्यासमोर आला आणि आडवा झाला. दोन्ही हातांनी त्यानं माझे पाय धरले आणि कपाळ माझ्या चपलांवर टेकलं. शालन बादली घेऊन उभी होती. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"ऊठ," मी म्हटलं.

मी चाकापाशी वाकले आणि किल्ली फिरवली. आठ वाजून पंधरा मिनिटं झाली होती.

टेम्पो पुढं सरकला, बिरूनं मागचं दार उघडलं, आणि आतून गरम हवेचा असा लोट आला की पुढं गेलेली माणसं मागं सरली. एका खोक्यात शंभर पिल्लं असतात. प्रत्यक्षात एकशेदोन भरतात, कारण वाटेत दोन मरतीलच असं धरलेलं असतं. हे मला त्या दिवशी शालननं सांगितलं. वरच्या थरातली चार खोकी सगळीच्या सगळी गेली होती. पिवळी, लिंबाएवढी पिल्लं, चोची उघड्या. बिरूनं ती चारी खोकी करंजाच्या मुळाशी ठेवली आणि बाकीची भराभर तपासायला लागला. त्याचे हात सारखे चालत होते, पण तो रडत होता हे सगळ्यांना दिसत होतं. मलाही रडू आलं. माझं रडू बघून आवटीकाकूंनी मला जवळ घेतलं.

तेवढ्यात सर उठून आले. चार खोकी बघून त्यांनी हात जोडले.

"मला एक दे," ते बिरूला म्हणाले. "जिवंत असलेलं एक खोकं. शंभर जीव तरी वाचू देत माझ्या हातून."

मला वाटलं, आता बिरू टॉमी उचलतो. पण त्यानं एक खोकं काढलं, फुंकर घालून आत बघितलं आणि सरांच्या हातात दिलं. "दिवा लावा आत. ऊब लागती त्यास्नी, आईच्या पोटाखाली असल्यागत. पंखा अजाबात लावू नका. आन् पाणी उथळ पायजे." एवढं सांगून तो गेला. टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही सगळे आवारात उभे होतो.

सरांनी ते खोकं गच्चीवरच्या खोलीत नेलं. सोमवारपर्यंत त्यांनी दिवा लावला. सोमवारी दुपारी ऊन इतकं पेटलं की माणसांना धाप लागत होती, आणि पिल्लंही चोच वासायला लागली. सरांना ते बघवेना. त्यांनी दिवा बंद केला आणि पंखा लावला. पाणी दोनदा गाळून, उकळून, थंड करून परातीत भरून ठेवलं, म्हणजे सगळ्यांना मनसोक्त पिता येईल. पिल्लं परातीत उतरली, भिजली, आणि पंख्याखाली एकमेकांवर चढून बसली. मंगळवारी सकाळी खालची सगळी चेंगरून मेलेली होती. उरलेली गुरुवारपर्यंत गेली. जितक्यांदा मेली तितक्यांदा सरांनी करंजाखाली खड्डा काढला, आणि प्रत्येक खड्ड्याशी मंत्र म्हटला.

बिरूची गाडी हॅचरीनं सोमवारीच बंद केली होती.

शुक्रवारी संध्याकाळी सर माझ्याकडं आले. जयपाल दुकानात होता. सरांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मी चुकलो," ते म्हणाले. "दया करायला गेलो आणि एकूण एक मारली. माझ्या नियमानं मला आंधळं केलं. ते माझं मी बघेन." मग त्यांनी विचारलं, "पण ताई, मला एक कळत नाही. तुम्ही तर किल्ली घेऊन पुढं झाला होता. मी तुम्हाला मोकळं केलं होतं. मग वीस-पंचवीस मिनिटं तुम्ही कशासाठी थांबलात?"

हेडमास्तरकी केलेला माणूस. प्रश्न विचारताना त्यांची नजर अजून वर्गातल्यासारखीच होती.

"मीही घाबरले, सर," मी म्हटलं. "पापाला. तुमच्याइतका अभ्यास नाही माझा, पण संस्कार तोच आहे ना."

हे सांगताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. सरांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम गेला. त्यांनी दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला; माझ्यापेक्षा चौतीस वर्षांनी मोठ्या माणसानं. "मग आपण दोघंही एकाच कारणानं चुकलो," ते म्हणाले. "प्रायश्चित्त मी दोघांच्या नावानं घेतो. तुम्हाला घर-नोकरी आहे, तुम्ही करू नका."

त्यांनी शनिवारपासून तीन दिवस निर्जळी उपवास केला. मे महिन्यात, त्या वयात. तिसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन बसले होते. मंगळवारी सकाळी पारणं. सरांच्या सुनेनं मला बोलावून नेलं, कारण सरांनी सांगितलं होतं की पहिला घोट पद्मजाताईंच्या हातचाच घेईन. मी तांब्यात गाळलेलं पाणी घेऊन चौथ्या मजल्यावर गेले. सर भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं, सर ते प्याले, आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "त्या दिवशी माझ्या बाजूनं या एकट्या उभ्या राहिल्या." सर त्यानंतर आठ वर्षं जगले. कुणी विषय काढला की हेच सांगायचे. मला सोसायटीत मान फार मिळाला. त्या वर्षी मला कुणी बदललंच नाही, बिनविरोध सेक्रेटरी.

रिकामा तांब्या घेऊन मी जिना उतरत होते. खाली टेम्पो उभा होता, मागचं दार उघडं. आत पिल्लांच्या खोक्यांच्या जागी कॉट, पाण्याचं पिंप, गुंडाळलेल्या गाद्या. फ्लॅट विकायला काढून बिरू गावी चालला होता. तिकडं वाळूवर टेम्पो लावणार म्हणे. शालन केबिनमध्ये पुढं बसली होती आणि सरळ रस्त्याकडं बघत होती. मी बाजूनं निघून जाणार होते, पण बिरूनं दोर बांधता बांधता मला हाक मारली.

"मॅडम."

मी थांबले. आता शिव्या देईल, असं वाटलं. दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, कदाचित त्याच्यासाठीच थांबले होते.

पण तो रागावलेला नव्हता. दोराची गाठ हातात तशीच धरून तो माझ्याकडं बघत होता, आणि त्याला खरोखरच काहीतरी कळत नव्हतं.

"त्या दिशी तुमाला मी पायाच पडायला पायजे हुतं, व्हय?" त्यानं विचारलं. "मग पयल्या मिंटालाच सांगायचं की वो. मी लगीच पडलो असतो."